कागदकामाची खोली लावताना: आधी कागद, मग कपाट

घडीमोड

कागदकामासाठी खोली किंवा खोलीतला कोपरा लावायचा म्हटलं की पहिली खरेदी बरण्या, ड्रॉवर आणि पेगबोर्डची (हत्यारं टांगायच्या भोकांच्या फळीची) होते. हत्यारं छान मांडली जातात आणि कागद उरलेल्या जागेत, म्हणजे पलंगाखाली किंवा माळ्यावर, कोंबला जातो. पावसाळ्यानंतर तोच कागद लाटा आलेला, पिवळट आणि कुबट वासाचा निघतो. कात्रीला कुठेही ठेवा, ती कात्रीच राहते. कागद मात्र हवेतलं पाणी सतत घेतो आणि सोडतो. म्हणून खोलीची आखणी कागदापासून करावी, या मताचा मी आहे. हा धागा त्यासाठीच.

जागा ठरवताना आधी भिंती बघा. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत या दोन्ही कागदासाठी बाद. दुसरा पर्यायच नसेल तर कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा, म्हणजे मागे हवा खेळते. सगळ्यांत खालची फळी जमिनीपासून निदान सहा इंच वर हवी. माळा तर नकोच. तिथे उष्णता साठते, आणि मुख्य म्हणजे तिथला कागद कधी वापरलाच जात नाही.

आता वजन. ए४ चा एक ताव म्हणजे एक चौरस मीटरचा सोळावा भाग. त्यामुळे जीएसएमला, म्हणजे एक चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनाला, १६ ने भागलं की एका तावाचं वजन ग्रॅममध्ये मिळतं. ८० जीएसएमचा ताव ५ ग्रॅम, ५०० तावांचं रीम अडीच किलो. या कागदाचा २० सेंमी उंच गठ्ठा म्हणजे सुमारे २००० ताव, दहा किलो. अडीच फुटी फळीवर असे तीन गठ्ठे शेजारी शेजारी बसतात, म्हणजे एका फळीवर तीस किलो. १२ मिमीची प्लाय याखाली हळूहळू वाकते. १८ मिमी घ्या आणि आधाराशिवाय अडीच फुटांपेक्षा लांब फळी ठेवू नका. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) स्वस्त पडतो, पण ओल लागली की कडा फुगतात आणि मग ड्रॉवर सरकत नाहीत.

कागद आडवाच ठेवा. उभा ठेवायचा तर खण गच्च भरलेला हवा. सैल खणात उभा कागद पोटातून वाकतो आणि तो बाक नंतर जात नाही. एका खणात एकच जाडी, आणि दोन फळ्यांमधलं अंतर आठ-नऊ इंचांपेक्षा जास्त नको. एक फुटाचा गठ्ठा केलात तर तळाचा ताव काढायला दरवेळी सगळा गठ्ठा उपसावा लागेल, आणि कोपरे दुमडतील ते वेगळंच.

बाजारात कार्डशीट बहुधा २२ × २८ इंची मिळते. ती गुंडाळी करून आणली जाते आणि तशीच आठवडाभर कोपऱ्यात उभी राहते, तिथेच चूक होते. घरी आल्याबरोबर उलट बाजूने सैल गुंडाळा, दहा मिनिटांनी सोडा आणि सपाट ठेवून वर वजन द्या. पूर्ण ताव ठेवायला सपाट ड्रॉवर नसेल तर पलंगाच्या गादीखाली, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. थट्टा नाही, घरातली सगळ्यांत मोठी सपाट आणि दाब असलेली जागा तीच असते.

विदर्भातलं_ऊन

धाग्याला वाचनखूण. एक शंका. गठ्ठ्याच्या फक्त कडांना लाटा येतात आणि मधला भाग सपाट राहतो, असं का? आणि उन्हाळ्यात नेमकं उलट होतं, कडा ताणल्यासारख्या होऊन कागद बशीसारखा खोलगट होतो.

घडीमोड

गठ्ठ्यात हवा कडेनेच शिरते. दमट दिवसांत कडेचे तंतू पाणी पिऊन फुगतात, मधले कोरडेच असतात. वाढलेल्या कडेला मावायला जागा नाही, म्हणून ती लाटा घेते. नागपूरच्या मे महिन्यात कडा आधी सुकून आखडतात आणि मधला भाग सैल पडतो, म्हणून बशी. दोन्हींवर उपाय एकच. गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवायचा. आणि बाहेरून आणलेलं पाकीट एसीच्या खोलीत लगेच फोडायचं नाही, एक दिवस तसंच राहू द्यायचं.

कोकणातली_सर

पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या की झालं ना? चपलांच्या खोक्यातून येतात त्या जमवून ठेवल्यात.

खळखळाट

कोकणातली_सर, त्या पुड्यांनी काहीही होत नाही. हिशेबच बघा. हवेतली आर्द्रता ५० टक्के असताना कागदात वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी असतं. ८० टक्क्यांना ते १० च्या आसपास जातं. म्हणजे जुलैत भरलेल्या दहा किलोच्या पेटीतून ४०० ग्रॅम पाणी काढायचं आहे. त्याला दीड-दोन किलो सिलिका जेल लागेल. दोन-पाच ग्रॅमच्या पुडीने काय होणार? समुद्रातून तांब्याने पाणी उपसण्यातला प्रकार.

योग्य क्रम असा: कागद कोरडा असतानाच पेटी बंद करायची. किनारपट्टीवर ते दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी, पुण्या-नगरकडे मार्च-एप्रिल. त्या दिवसांत भरून रबरी कड असलेल्या डब्यात बंद केलं की मग १००-२०० ग्रॅम जेल पुरतं, कारण त्याला झाकण उघडताना आत शिरणारी ओलच फक्त ओढायची असते. पावसाळ्यातच भरायचं असेल तर एसी लावलेल्या खोलीत कागद पसरून एक-दोन दिवस ठेवा आणि तिथेच डबा बंद करा. रंगीत कागद उन्हात मात्र वाळवू नका, रंग उडतो.

जेल नारिंगी घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. कपाटासाठी मिळणारे, खाली पाणी साठवणारे डबे कागदाच्या पेटीत अजिबात नकोत. ते कलंडले तर खारट पाणी थेट गठ्ठ्यात.

कात्रण

+१. आणि डांबरगोळ्याही नकोत. वास कागदात बसतो आणि पॉलिस्टायरीनचे पारदर्शक डबे त्या वाफेने चिकट होतात.

कसर लागते ती बहुतेक वेळा कुरियरच्या खोक्यांतून. आत लाटांचा थर असलेल्या पुठ्ठ्याचं खोकं म्हणजे तिचं घरच, आणि पिठाची खळ तिचं आवडतं खाणं. साठवणीसाठी अशी खोकी वापरायची नाहीत. कसर लागलेला कागद टाकून द्यायची गरज नसते. हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये १५ दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर दंव धरतं.

चिकटपट्टी

साठवण कळली. आता खरा प्रश्न. ३०० जीएसएमचं कार्ड घडीवर फाटतं, रंग उडून पांढरी रेष दिसते. महागाचं कार्ड घेतलं तरी तेच.

घडीमोड

चिकटपट्टी, यात दोन गोष्टी आहेत. पहिली, कार्डाचा गाभा. कोपरा फाडून बघा. आत पांढरं दिसलं तर रंग फक्त वर चढवलेला आहे, ते घडीवर थोडंफार दिसणारच. आतपर्यंत रंगीत असलेलं कार्ड मागून घ्या.

दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे ग्रेन. यंत्रावर कागद बनताना लगदा वाहतो त्या दिशेला बहुतेक तंतू लोळतात. त्या दिशेने घडी घातली तर तंतू बाजूला सरकतात, आडवी घातली तर मोडतात. ओळखायला सोपं आहे. ताव न दुमडता नुसता वाकवून दाबा, आधी लांबीने, मग रुंदीने. जिकडे कमी जोर लागतो तिकडची घडी ग्रेनला समांतर. खात्री होत नसेल तर दोन इंची चौकोन कापून एकाच बाजूने ओल्या बोटाने भिजवा. तो नळीसारखा वळेल, आणि नळीची लांबी हीच ग्रेनची दिशा. कागद ओला झाला की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात, म्हणून असं होतं.

दिशा कळली की गठ्ठ्याच्या वरच्या तावावर पेन्सिलीने बाण काढा आणि मगच खणात ठेवा. खोली लावण्यातलं सगळ्यांत फुकट आणि सगळ्यांत उपयोगी काम हे. रंगानुसार लावलेला कागद फोटोत छान दिसतो, पण कामाला जाडी आणि बाण लागतो. आधी जाडी, मग आकार, शेवटी रंग, हा माझा क्रम.

आता घडी. २०० जीएसएमच्या वर आधी रेघ दाबल्याशिवाय घडी घालायचीच नाही. शाई संपलेलं बॉलपेन किंवा विणकामाची बारीक सुई, खाली मऊ पुठ्ठा, कडेला स्टीलची पट्टी. एकदा जोरात दाबण्यापेक्षा दोनदा हलकं. मागच्या बाजूला जो उंचवटा येतो तो घडीच्या आत गेला पाहिजे. बहुतेकजण उलट घडी घालतात, कारण खोलगट रेघेत घडी आपसूक मिटेल असं वाटतं. कार्ड तिथेच फुटतं.

खळखळाट

ग्रेनबद्दल एक पुरवणी. दोन थर एकमेकांवर चिकटवताना दोघांचे बाण एकाच दिशेला हवेत. पेटीच्या पुठ्ठ्यावर छापील कागद आडवा लावला की पेटी आठवडाभरात पिळवटते. मग लोक गोंदाला दोष देतात. हातकागदाला मात्र ठळक ग्रेन नसतो, साच्यात लगदा सगळीकडे पसरतो. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद घेणाऱ्यांना हा त्रास कमी. पण तो पाणीही जास्त पितो, त्याला गोंद जरा घट्ट लागतो.

पेगबोर्डवाली

कात्रीला काही होत नाही असं घडीमोड म्हणतात, पण किनाऱ्यावरच्या घरात उघडी कात्री गंजतेच. तरीही पेगबोर्डला इतकं धुडकावायला नको. टेबल लहान असेल तर हत्यारं भिंतीवर असणंच बरं. फक्त टेबलावर बसल्या जागी हात पोचेल एवढ्याच उंचीत लावा, आणि रोज लागतात त्याच पाच-सहा वस्तू: कात्री, कटर, दाबपट्टी, स्टीलची पट्टी, चिमटा, ब्रश. बाकीचं झाकणाच्या डब्यात. पंच (कागदातून आकार कापायची यंत्रं) उघड्यावर ठेवले की धूळ बसून अडकतात. अडकलेल्या पंचातून आधी ॲल्युमिनियम फॉइल दोन-चारदा कापा, मग मेणकागद. धार जरा सुधारते आणि सरकणं मऊ होतं.

कात्रीला दुहेरी टेपचा चिकटा बसला तर खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबा, कापडाने पुसा, वर थोडं स्पिरिट. तेल राहिलं तर पुढच्या कागदावर डाग.

टेबलाची उंची: बसून काम असेल तर ७५ सेंमी, उभ्याने कापायचं असेल तर ९० च्या आसपास. बसायच्या टेबलावर उभं राहून वाकून कापत राहिलं की कंबर आधी बोलते. दिवा उजव्या हाताने काम करणाऱ्यांना डावीकडून समोर, नाहीतर पट्टीवर स्वतःच्याच हाताची सावली पडते. रंग जुळवायचे तर फार पिवळा दिवा नको, ४०००-५००० केल्विनचा घ्या.

विदर्भातलं_ऊन

आणि पंखा? त्याबद्दल कोणीच काही बोलेना. छताचा पंखा सुरू केला की पतंगी कागद खोलीभर.

पेगबोर्डवाली

हा खरा भारतीय प्रश्न :) टेबल पंख्याच्या बरोबर खाली नको, कोपऱ्यात घ्या. शक्य असेल तर भिंतीवरचा पंखा, पायांकडे वळवलेला. वजनांसाठी फरशीचे चार इंची तुकडे घेऊन त्यांना कापड चिकटवायचं. चार-सहा करून ठेवा. गोंद लावतानाही पंखा बंद, कारण पांढरा गोंद वाऱ्याने वरून सुकतो आणि आत ओला राहतो.

कात्रण

कापण्याबद्दल थोडंसं. ९ मिमी पात्याचा कटर घरकामाला पुरतो. ३०० जीएसएमवर तीन हलक्या फेऱ्या, एकाच फेरीत जोर लावला की पातं पट्टीवरून घसरतं आणि बोट तिथेच असतं. कापलेली कड केसाळ दिसू लागली की टोक मोडा. सगळे पात्यांवर कंजुषी करतात आणि कार्डं वाया घालवतात. मोडलेली टोकं औषधाच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत, झाकणाला टेप, भरली की तशीच बंद करून, वर चिठ्ठी लावून टाका. कचरा उचलणाऱ्यांच्या हाताचा विचार करा.

कटिंग मॅट उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. पीव्हीसी असते, वाकली की नीट सपाट होत नाही. आणि तिच्यावर हॉट ग्लू किंवा इस्त्री नको.

दूरदेशी_कागद

न्यू जर्सीतून एक-दोन गोष्टी. इथे हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. कागद ठिसूळ होतो आणि घडी दाबूनही फुटते. म्हणजे तुमच्या उलट आजार, पण औषध तेच: बंद डबा. काम करायच्या खोलीत आर्द्रता ४० पर्यंत आणली की फरक कळतो.

दुसरं, भारतातून आलेले नमुने ए४ चे असतात, म्हणजे २१० × २९७ मिमी. इथला लेटर कागद २१६ × २७९ मिमी. प्रिंटर गुपचूप लहान करून छापतो आणि पेटीचं झाकण बसत नाही. १०० टक्के आकार निवडा, आणि पानावर छापलेली ५ सेंमीची रेघ पट्टीने मोजा.

तिसरं, इथे जाडी पौंडांत लिहितात. ११० पौंड कव्हर म्हणजे सुमारे ३०० जीएसएम, पण ११० पौंड इंडेक्स म्हणजे फक्त २०० च्या आसपास. कव्हर आणि इंडेक्स हे कार्डाचे दोन प्रकार, आकडा तोच, कार्ड वेगळं.

कोकणातली_सर

सोसायटीत दिवाळीआधी मुलांसोबत आकाशकंदील करायचे आहेत. १२ मुलं, दोन तास. सामान किती आणायचं, कोणी सांगेल का? कामट्या नकोत, कार्डशीटचाच.

खळखळाट

हिशेब करून देतो.

२२ × २८ ची ३०० जीएसएम कार्डशीट मधोमध कापली की १४ × २२ चे दोन तुकडे. एका तुकड्याचा एक गोल कंदील, उंची १४ इंच. अर्धा इंच जोडाला गेला तर घेर साडेएकवीस, व्यास जवळपास सात इंच. १२ मुलांना सहा शीट, एक जास्तीची. दुकानात शीट वाकवून बघा, ग्रेन २८ इंचाच्या दिशेने असेल तरच घ्या. मग कापलेल्या तुकड्यात तो उंचीच्या दिशेने येतो आणि कंदील गोल वळतो. उलट असेल तर गोलाऐवजी कोनाकोनाचा होतो आणि जोड उकलतो.

प्रत्येकात चार खिडक्या, साडेतीन इंच रुंद, आठ उंच. वर-खाली तीन-तीन इंच राहतात. या मोठ्यांनी आदल्या दिवशी कापून ठेवायच्या, मुलांच्या हातात कटर नाही.

पतंगी कागद २० × ३० चा धरला तर खिडकीमागचे साडेचार × नऊ इंची १२ तुकडे एका तावात बसतात. ४८ तुकड्यांना चार ताव. झिरमिळ्या एक इंच रुंद, २० इंच लांब, एका तावात तीस. एका कंदिलाला वीस, म्हणजे २४० ला आठ ताव. एकूण बारा, वर दोन घ्या. सगळ्या आधी कापून, वीस-वीसच्या जुड्या करून, नाव लिहिलेल्या पाकिटात. दोन तास चिकटवण्यातच जातात, कापण्यात घालवू नका.

जोडाला १२ मिमी दुहेरी टेप, एकाला ३६ सेंमी, सगळ्यांना मिळून साडेचार मीटरच्या आत. पतंगी कागदाला पातळ पांढरा गोंद लावू नका, तो सुरकुततो आणि रंग सुटतो. खळ करा: दोन मोठे चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळून गार करायचा. बाइंडर लोक त्यात मोरचूद घालतात, कीड लागत नाही. ते विष आहे, मुलांच्या कामात नको. त्याऐवजी आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवा. खळ कार्डाच्या कडेला ब्रशने पातळ लावायची आणि कोरडा कागद त्यावर टेकवायचा. कागदाला खळ लावली की तो हातालाच चिकटतो.

आत एलईडी, तीन-पाच वॅटचा. जुना साठ वॅटचा तापणारा बल्ब नकोच.

चिकटपट्टी

एवढं करून उरलेल्या तुकड्यांचं काय? पिशव्याच्या पिशव्या साठतात.

कात्रण

तळहातापेक्षा लहान तुकडा रद्दीत. त्याहून मोठे एकाच पारदर्शक फोल्डरमध्ये. तो फोल्डर भरला की नवीन ताव कापायचा नाही, आधी तो रिकामा करायचा. दुसरा फोल्डर विकत आणलात की संपलं. चकाकी आणि प्लास्टिकचा थर असलेले तुकडे रद्दीत टाकू नका, ते लगद्यात जात नाहीत.

कोकणातली_सर

खळखळाट, मनापासून आभार, यादी जशीच्या तशी छापली. शेवटचं एक. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घेतलंय, ते ६८ दाखवतंय. त्यावर विश्वास ठेवावा का?

घडीमोड

तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ भरा, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि यंत्र झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा, मीठ यंत्राला लागू देऊ नका. साध्या तापमानाला आत ७५ टक्के आर्द्रता होते. यंत्र ७१ दाखवत असेल तर ते चार कमी दाखवतं, मग तुमचे ६८ म्हणजे ७२ धरा. त्या हवेत डबा भरू नका.